शब्दचर्चा : ‘खंडीय कवच’ – घातलेलं की सुटलेलं?

घटक चाचणीत एका मुलानं लिहिलंय, ‘पृथ्वीने सुरुवातीला कवच घातले.’ लाल पेन टेकवलं आणि थांबले. चूक त्या पोराची नाही. ‘कवच’ म्हटलं की मराठीत ‘घालणं’ नाहीतर ‘चढवणं’ येणारच. कर्णाचं कवच तर जन्माचंच. पृथ्वीच्या बाहेरच्या खडकाळ थराचा खंडांचा भाग म्हणजे खंडीय कवच. या खंडांचं तसं नाही. ते जन्मतः नव्हते आणि वरून कुणी चढवलेही नाहीत. आतून निघाले, तेही दोन टप्प्यांत.

सोलापुरात नववी-दहावीला भूगोल शिकवते, म्हणून हा शब्द रोजचा. प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, थोडा भाग वितळून वर येतो आणि थिजतो, तो बेसाल्ट. काळा, जड. पाणी मुरलेला हाच बेसाल्ट पुन्हा खोल जाऊन तापला, की सगळाच्या सगळा पातळ होत नाही. सिलिका जास्त असलेला हलका अंश आधी वितळून वर सरकतो, जड ते खाली राहतं. त्या हलक्या अंशाचे ग्रॅनाइटच्या जातीचे खडक झाले आणि त्यांचे खंड.

पुस्तकात याला ‘आंशिक वितळण’ म्हटलंय. मुलं पाठ करतात, डोळ्यांसमोर काही येत नाही. आपल्याकडे ‘सुटणे’ आहे की! लोणी कढवताना बघा. आधी फेस, मग तडतड, मग कडेनं पिवळंधमक तूप सुटायला लागतं आणि बेरी तळाला बसते. ‘खंड बेसाल्टातून सुटले’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘कवच’ऐवजी ‘साय’ म्हणावं का?

प्रतिसाद
मॅडम, मी बोअरच्या गाडीवर असतो. आमच्यात कवच कुणी म्हणत नाही. माती संपली की मुरूम ‘लागतो’, मग मांजऱ्या, मधेच गेरू, मग काळा पाषाण. ‘थर लागला’ एवढंच. आणि हा काळा पाषाण म्हणजेच खंड ना? त्याच्या खाली आम्ही कधी गेलो नाही.

प्रतिसाद
दादा, ‘लागला’ फार नेमकं आहे, पण आपला काळा पाषाण म्हणजे खंड नव्हे. तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आधीच्या जुन्या खंडावर पसरलेला. घडणीनं तो समुद्रतळाच्या खडकाच्या जवळचा. खरा खंड त्याच्या खाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण संपल्यावर थोडा गाळाचा थर आणि त्याखाली तो जुना फिकट खडक लागला. उघडा बघायचा तर विजापूर ओलांडून हंपीला जा. तिथले ते प्रचंड गोटे सुमारे २५० कोटी वर्षांचे आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्यावर हात ठेवला तेव्हा अंगावर काटा आला होता. रोज आपण याच्याच डोक्यावर राहतो!

प्रतिसाद
ताई, ‘सुटणे’ मनापासून पटलं. ‘साय’ मात्र नको. साय वरून गार होत धरते, एकाच टप्प्यात. आणि ‘खंड’ शब्दाचाही घोटाळा आहेच. आमच्या मंगळवेढ्याकडं ‘पावसानं खंड दिला’ म्हणजे पाऊस तुटला, आणि जमीन ‘खंडानं’ दिली म्हणजे ठरावीक मोबदल्यावर कसायला दिली. लहान पोराला ‘खंडीय कवच’ म्हणजे तुटकं कवच वाटलं तर नवल नाही.

प्रतिसाद
काका, सायीचं मान्य. उलट तिला वेगळी जागा देऊ या. वितळलेल्या पृथ्वीवर सर्वांत आधी जे थिजलं, ती साय. तिचा आज ओळखू येईल असा तुकडाही नाही. खंड त्यानंतर सुटत गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे, म्हणजे बहुधा ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकात घडणाऱ्या एका खनिजाचे, वाळूएवढे कण मिळालेत, त्यातला जुन्यात जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा. पृथ्वी ४५४ कोटींची, म्हणजे सुटायला फार लवकर लागलं होतं. ज्या खडकात ते कण घडले तो मात्र केव्हाच झिजून गेला. अखंड खडक म्हणावा तर कॅनडातला अकास्ता नाइस, सुमारे ४०० कोटींचा.

म्हणून आता दुसरंच क्रियापद छळतंय. पुस्तकं म्हणतात खंड ‘वाढले’. बरेच भूवैज्ञानिक मानतात की टप्प्याटप्प्यानं वाढत जाऊन २५० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत बहुतांश खंड तयार झाले होते. भूवैज्ञानिक रिचर्ड आर्मस्ट्राँग यांचं म्हणणं वेगळं होतं. खंड आरंभीच जवळपास आजच्याएवढे झाले आणि पुढे जेवढे नवे झाले तेवढेच प्रावरणात परत गेले. आपण मोजतो ते उरलेलं. त्यांच्या वाक्यात ‘वाढले’ बसत नाही, ‘उरले’ बसतं. एका क्रियापदानं चारशे कोटी वर्षांचा हिशेब फिरतो.

त्या पेपरात ‘कवच’ तसंच ठेवलं, बोर्डाचा शब्द आहे. ‘घातले’ खोडून वर ‘सुटत गेले’ लिहिलं आणि गुण पूर्ण दिला.