मधमाशीचा डंख: सगळ्यांना सवय होतेच असं नाही

मधपाळांना डंखाची सवय होते, मग काही होत नाही, असं म्हणतात. अर्धं खरंय. माझे मामा महाबळेश्वरकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतात, त्यांना डंख बसला तर जेमतेम लाल ठिपका येतो, तासाभरात गायब, आणि मी मुलुंडहून सुट्टीला गेले तेव्हा एकच डंख मनगटाला बसला तर दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात सुजला, खाज तर विचारूच नका, चार दिवस गेले.

वर्षाला २०० च्या वर डंख खाणाऱ्यांत ॲलर्जी क्वचितच दिसते कारण शरीरात आयजीजी४ नावाची संरक्षक प्रतिद्रव्यं वाढतात. जास्त धोका अधूनमधून थोडे डंख खाणाऱ्यांना, म्हणजे नवशिके, हौशी. आणि मधपाळांच्या घरच्यांनापण, हे खूप जणांना माहीतच नसतं!

नुसती जागेवरची सूज, १० सेंटीमीटरपेक्षा मोठी असली तरी बहुतेकदा आपोआप उतरते. पण डंख हाताला आणि पित्ताच्या गांधी पोटावर, ओठ सुजले, धाप लागली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा, तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, ॲलर्जीची गोळी पुरत नाही.

काटा मात्र लगेच काढा, नखाने किंवा कसाही, कारण त्याची पिशवी विष सोडत राहते. आमच्या इथे टॉवरवर आग्या मोहोळ बसलं की पोरं दगड मारतात, त्यांना प्लीज आवरा, शेकडो डंख बसले तर ॲलर्जी नसलेला माणूसही जाऊ शकतो.