रोमा नरसंहार: २ ऑगस्ट ‘सरकारी’ स्मृतिदिन होतो म्हणजे नक्की काय होतं?

अनघा_क
२ ऑगस्ट १९४४ च्या रात्री नाझींनी व्याप्त पोलंडमधल्या आउश्वित्झ-बिर्केनाऊ या मृत्युछावणीच्या ‘जिप्सी छावणी’त उरलेल्या सुमारे ४,३०० रोमा आणि सिंती लोकांना (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटलं जायचं ते समाज) विषारी वायूने मारलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. युरोपीय संसदेने १५ एप्रिल २०१५ ला या दिवसाला मान्यता दिली. मग रोमा संघटना अजून एकेका देशाच्या सरकारकडे का जातात? आणि मागणीचा मसुदा कुठे फसतो?

दप्तरदार
कारण तो ठराव सदस्य देशांवर बंधनकारक नाही. प्रत्येक देशाच्या संसदेला तो वेगळा करावा लागतो. पोलंडने २०११ मध्येच केला होता, ऑस्ट्रियाने २०२३ मध्ये केला.

मसुदा फसतो तो एका वाक्यापायी: ‘शासनाने या दिवसाचं स्मरण करावं.’ एवढंच लिहिलं तर मंत्र्याच्या संदेशावर भागतं, आणि सरकार बदललं की तोही येत नाही. कार्यक्रम कोणतं मंत्रालय घेणार, संसदेत कोण बोलणार, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, हे ठरावातच हवं. रोमा प्रतिनिधी पाहुणे नकोत, कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत हवेत. आणखी एक अडचण सहसा कोणी लक्षात घेत नाही: २ ऑगस्टला युरोपातल्या बहुतेक शाळांना उन्हाळी सुट्टी असते. म्हणून शाळांसाठी सत्रातला वेगळा दिवस किंवा अभ्यासक्रमातलं प्रकरण वेगळं मागावं लागतं. नाहीतर मुलांपर्यंत काहीच पोचत नाही.

जुनी_कागदपत्रं
त्याच्याही आधीची पायरी म्हणजे ‘हा वांशिक नरसंहार होता’ हे सरकारच्या तोंडून वदवून घेणं. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५६ मध्ये निकाल दिला की, आउश्वित्झला पाठवणी सुरू होण्याआधीचा, म्हणजे १९४३ पूर्वीचा छळ वांशिक नव्हता, तो पोलिसी बंदोबस्ताचा भाग होता. म्हणजे मारेकऱ्यांचीच भाषा न्यायालयाने उचलली, आणि वाचलेल्यांची नुकसानभरपाई त्यावर अडली. १९६३ मध्ये निकाल अंशतः फिरवला, तोवर कित्येकजण गेले होते. १९८० च्या ईस्टरला नाझींच्या जुन्या डाखाऊ छावणीच्या जागेवर सिंती कार्यकर्ते उपोषणाला बसले. नाझी काळात तयार झालेली पोलिसांची दप्तरं युद्धानंतरही वापरात होती, त्यांचा हिशेब त्यांना हवा होता. १७ मार्च १९८२ ला चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी हा वंशाच्या कारणावरून झालेला नरसंहार होता, असं अधिकृतपणे मान्य केलं. ३७ वर्षं लागली एका वाक्याला! म्हणून मसुद्यात ‘नरसंहार’ हाच शब्द ठेवा. ‘शोकांतिका’, ‘अत्याचार’ अशा पर्यायांवर तडजोड करू नका.

अनघा_क
आणि जागेचं काय? स्मारक आधी मागावं की दिवस?

दप्तरदार
दोन्ही एकदम मागा, पण जागेला वेळ लागतो हे धरून चला. चेक प्रजासत्ताकातलं लेटी पाहा. तिथल्या युद्धकाळातल्या छावणीत सुमारे १,३०० रोमा कोंडले होते, ३०० हून अधिक तिथेच मेले, त्यांत बहुतेक मुलं. पहारा चेक शिपायांचा होता, त्यामुळे सगळा दोष जर्मनांवर ढकलता येत नव्हता. १९७० च्या दशकात त्याच जागी डुकरांचा कारखाना उभा राहिला. १९९५ मध्ये शेजारी स्मारक झालं, कारखाना चालूच. मृतांचे नातलग फुलं वाहायला यायचे तेव्हा डुकरांची दुर्गंधी अंगावर यायची. कारखाना खाजगी मालकीचा असल्यामुळे पैशाचं कारण वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. २०१७ मध्ये सरकारने सुमारे ४५ कोटी कोरुना मोजून तो विकत घेतला, २०२२ मध्ये पाडायला घेतला आणि २०२४ मध्ये नवं स्मारक खुलं झालं. जागा खाजगी असेल तर संपादनाची रक्कम पहिल्याच निवेदनात मागा. आणि स्मारक नंतर कोण चालवणार तेही लिहा. लेटीची जबाबदारी ब्रनोच्या रोमा संस्कृती संग्रहालयाकडे आहे.

जुनी_कागदपत्रं
बर्लिनचा अनुभव याला जोडून. स्मारकाचा निर्णय १९९२ चा, उद्घाटन २४ ऑक्टोबर २०१२ ला. मधली बरीच वर्षं लेखात ‘सिंती आणि रोमा’ लिहायचं की नाझींनी वापरलेला जुना शब्द, या वादात गेली. राइशस्टाग म्हणजे जर्मन संसद भवनाजवळ गोल, काळ्या पाण्याचं कुंड आहे. मधोमध त्रिकोणी दगड, छावणीतल्या कैद्यांच्या कपड्यांवरच्या खुणेसारखा. त्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. आता त्या परिसराखालून शहरी रेल्वेचा बोगदा नेण्याच्या योजनेला संघटनांचा विरोध आहे. स्मारक झालं तरी भोवतालच्या जमिनीचं संरक्षण वेगळं मागावं लागतं, ते असं.

रानवाट
मसुदा तपासताना दोन गोष्टी. आकडा: जुन्या मजकुरांत त्या रात्रीचे २,८९७ बळी सापडतात, नवं संशोधन ४,२०० ते ४,३०० सांगतं. जुना आकडा उतरवलात तर विरोधक तिथेच बोट ठेवतील. एकूण बळींचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात, तेव्हा एकच ठाम संख्या न लिहिता हाच पल्ला लिहा. नाव: या नरसंहारासाठी वापरला जाणारा ‘पोरायमोस’ शब्द काही रोमानी बोलींत (रोमांच्या भाषेत) अश्लील वाटतो, त्यामुळे अनेकजण ‘सामुदारिपेन’ म्हणतात. कोणता वापरायचा ते त्या देशातल्या रोमांनाच विचारा. तारखेचंही तेच. जर्मनीत १६ डिसेंबरलाही महत्त्व आहे, कारण १९४२ मध्ये त्या दिवशी नाझी एसएस दलाचा प्रमुख हिमलरने रोमांना आउश्वित्झला पाठवण्याचा हुकूम काढला, आणि तिथलं राज्यांचं सभागृह दरवर्षी डिसेंबरात या बळींचं स्मरण करतं.