रोबोटची चित्रं काढणाऱ्या मुलाला खेळण्यांच्या डिझाइनमध्ये काम मिळेल का?

सीमा_गोरेगाव

नमस्कार मंडळी. माझा मुलगा बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून ट्रान्सफॉर्मर्सची, म्हणजे गाडी-विमानाचे रोबोट होणाऱ्या खेळण्यांची, चित्रं काढतो. हल्ली स्वतःचे रोबोट काढायला लागलाय, त्यातला रिक्षाचा रोबोट इन्स्टाग्रामवर बराच फिरला. चित्राखाली त्याची गोष्टही लिहितो. हा रिक्षावाला रोबोट कधीच भाडं नाकारत नाही, आणि त्यामुळेच सतत अडचणीत सापडतो.

त्याला रोबोटची खेळणी डिझाइन करायची आहेत आणि त्यांच्या कथाही लिहायच्या आहेत. बाबांचं म्हणणं, सीए कर. माझा विरोध नाही, पण यावर खरंच कुणाचं घर चालतं का? मुंबईत राहून काय शिकावं लागेल? माहीतगारांनी सांगावं.

पेणकर_काका

ताई, आधी पदवी पूर्ण होऊ दे. चित्रकला कुठे पळून जात नाही. माझ्या पुतण्याने ॲनिमेशनचा महागडा कोर्स केला आणि आता तो विम्याच्या कामात आहे. मुलगा हुशार दिसतोय, पण पोटापाण्याचं आधी बघा.

बिजागरी

सीमाताई, मी हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. मीही चाहता म्हणून काढलेल्या चित्रांतूनच इथवर आलो. भांडुपच्या वन रूम किचनमध्ये सगळे झोपले की काढत बसायचो. पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या खेळणी कंपनीच्या मालकांनी माझी वही चाळली, तेव्हा रंगवलेली मोठी चित्रं त्यांनी भराभर उलटली. बोट थांबलं ते कोपऱ्यातल्या पेन्सिलच्या बाणांवर. गाडीचं दार कुठून दुमडतं आणि हाताखाली कसं जातं, ते मी तिथे दाखवलं होतं. नोकरी त्या बाणांनी दिली.

हा रस्ता जगात नवा नाही. जपानी डिझायनर शोजी कावामोरी कॉलेजात असताना गंडॅम या रोबोटच्या कार्टून मालिकेचे चाहते होते, मित्रांबरोबर चाहत्यांचं मासिक काढायचे. 1982 मध्ये मॅक्रॉस ही जपानी कार्टून मालिका आली, त्यातलं रोबोट होणारं लढाऊ विमान त्यांचं. त्याच विमानाचं खेळणं पुढे ट्रान्सफॉर्मर्स विकणाऱ्या हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने 1985 मध्ये जेटफायर म्हणून विकलं. डॉन फिगुएरोआ चाहता म्हणून कॉमिक काढायचा, 2002 मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या अधिकृत कॉमिकचा चित्रकार झाला आणि त्याने कागदावर रचलेल्या रूपांची पुढे खेळणीही निघाली. जेम्स रॉबर्ट्सने आधी चाहता म्हणून अख्खी कादंबरी लिहिली होती, मग तो अधिकृत कॉमिकचा लेखक झाला.

आता तुमच्या मुलाच्या रिक्षाकडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे. माणसासारख्या रोबोटला सगळं जोडीने लागतं. रिक्षाची मागची दोन चाकं टाचांना नाहीतर खांद्यांना जातील, सोपं आहे. पुढच्या एकट्या चाकाचं काय करणार? ते उभं चिरून अर्धं-अर्धं दोन्ही हातांवर नेलं, तर रिक्षा असताना नाकावर मधोमध फट दिसते. अख्खं पाठीवर टाकलं, तर रोबोट मागे कलंडतो आणि टाचेमागे टेकू काढावा लागतो. मी हँडल, फोर्क आणि चाक मिळून एक सुटं हत्यार केलं असतं. पण सुटा भाग हरवतो, आणि खेळणं अगदी लहान मुलांचं असेल तर तो चालतच नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नियम कडक आहे: 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारा भाग सुटा देता येत नाही.

दुसरी अडचण जाडीची. कागदावर पत्र्याला जाडी नसते. प्लॅस्टिकची भिंत साधारण दोन मिलिमीटर धरली, तर टप आणि मागची बाजू एकावर एक दुमडली की तिथेच चार मिलिमीटर गेले, वर फिरायला फट हवी ती वेगळी. असे चार थर झाले की पाय आत मावत नाहीत. चित्रात ऐटीत उभा असलेला रोबोट इथे अडतो. त्यावर उपाय एकच, हाताने करून बघणे. जाड पुठ्ठा आणि टिचबटणं घेऊन बसायचं. कावामोरी आजही आधी लेगोच्या ठोकळ्यांनी जोडून बघण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

आणि चाहता असण्याचं मोल कमी समजू नका. सैल झालेल्या बॉल जॉइंटला, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोल सांध्याला, पारदर्शक नेलपॉलिशचा थर देऊन घट्ट करायचं, हे आम्ही पोरं कधीची करतोय. इतका पातळ थर दिल्यावर मांडी उभी राहते, नाहीतर लोंबते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची किंमत मला तिथे कळली, इंजिनियरशी बोलताना तीच भाषा कामी आली.

शिक्षणाचं: आयआयटी मुंबईत, पवईलाच, आयडीसी ही डिझाइनची संस्था 1969 पासून आहे. तिथल्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते आणि कॉमर्सचा विद्यार्थी ती देऊ शकतो. पुढे खेळण्यांतच जायचं ठरलं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात टॉय अँड गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. काकांचा मुद्दा रास्त आहे, पदवी हवीच. ती डिझाइनची का नको?

वसईचा_साचेवाला

माझा साचे बनवायचा कारखाना आहे, म्हणून थोडं. रोबोटच्या खेळण्याला डझनावारी भाग लागतात आणि पोलादी साच्याचा खर्च लाखांत जातो. त्यामुळे डिझायनरला साचा कळला तर आम्ही त्याला डोक्यावर घेतो. भिंतीला एक-दोन अंशांचा उतार दिला नसेल तर माल साच्यातून सुटताना ओरखडतो. साच्याच्या एका चौकटीत येणारे सगळे भाग एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये निघतात, म्हणजे काळी बॉडी आणि पिवळा टप हवा असेल तर भागांची वाटणी आधीच करावी लागते, नाहीतर रंगकाम वाढतं. मुलाला एखाद्या मोल्डिंगच्या गाळ्यात आठवडाभर उभा करा.

कामाचं विचाराल तर आधीपेक्षा बरं आहे. 2020 मध्ये आयात खेळण्यांवरची ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2021 पासून बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा शिक्का सक्तीचा झाला. आता इथल्या कंपन्यांना स्वतःचं डिझाइन लागतं. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला आलेल्या मालाची नक्कल केली की भागायचं.

सीमा_गोरेगाव

मनापासून आभार. बाबांनीही वाचलं. बिजागरी, लिहिण्याचं काय? त्याला वाटतं कथा हा वेगळा छंद आहे, खेळण्याशी संबंध नाही.

बिजागरी

ताई, संबंध घट्ट आहे. 1984 मध्ये हॅस्ब्रोने जपानच्या ताकाराचे रोबोट घेतले, तेव्हा त्यांत ऑटोबॉट म्हणजे चांगले आणि डिसेप्टिकॉन म्हणजे वाईट असे गट नव्हते. मार्व्हल या कॉमिक कंपनीच्या बॉब बुडियान्स्कींनी बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले. खोक्याच्या मागे तो मजकूर छापलेला असायचा. शेजारी ताकद, वेग, हुशारी यांचे आकडे. लाल पट्टी धरली की ते दिसायचे. पोरं ते कापून जपून ठेवायची.

त्यातली तीन विमानं बघा: स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प, थंडरक्रॅकर. साचा एकच, रंग तीन. पण एकाला सरदाराची गादी हवी असते, दुसरा आपल्याच साथीदारांच्या खोड्या काढतो, तिसऱ्याला आपली बाजू बरोबर आहे का हीच शंका. साच्याचा पैसा तीनदा वसूल झाला आणि मुलांना तीन माणसं मिळाली. हे लेखकाचं काम. साचेवाले दादांनी सांगितलेला खर्च कंपनीला असाच परवडतो, म्हणून चार ओळींत स्वभाव उभा करणारा डिझायनर त्यांना हवा असतो.

तुमच्या मुलाकडे ती नजर आहे. ‘कधीच भाडं नाकारत नाही’ या एका ओळीत माणूसही आला आणि त्याची अडचणही. त्याला म्हणावं, आता हा स्वभाव खेळण्यात दिसू दे. भाडं नाकारत नाही, तर रोबोट झाल्यावरही मागची सीट उघडी आणि बसण्याजोगी राहायला हवी. बहुतेक जण सीट पोटात दुमडून टाकतील. हा दुमडणार नाही, आणि त्यापायी पाठीची सगळी रचना बदलेल. मग वाचायच्या आधीच पोराच्या हाताला कळेल की हा कोण आहे.

अजून एक. पोर्टफोलिओत स्वतःचे रोबोट पुढे ठेवायचे, ट्रान्सफॉर्मर्स मागे. त्या पात्रांचे हक्क कंपन्यांचे आहेत, त्यांच्या चित्रांचे प्रिंट परवानगीशिवाय विकायला बसू नये. यूसीड जानेवारीत असते, अर्ज आदल्या वर्षीच भरायचे असतात, तारखा संकेतस्थळावर बघून ठेवा. पुठ्ठ्याचा पहिला नमुना झाला की फोटो इथेच टाका, मी आणि साचेवाले दादा दोघं बघतो.