मदत हवी आहे: बोटीतल्या एसीचं पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) न सोडता बाहेर कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

आमची २४ फुटी फायबरची केबिन बोट आहे. दिवाळीनंतर ती मांडव्याला असते आणि पावसाळा लागायच्या आत ट्रेलरवर घालून कसारा घाटातून वर, नाशिकला गिरणाऱ्याच्या मळ्यात आणतो. यंदा शेडमध्ये घेऊन केबिनची फळी उचलली तर खाली दोन बोटं पाणी! समुद्रातून काढून चार दिवस झाले होते, पाणी काढायचा मागचा प्लगही उघडा होता. पण मधल्या आडव्या पट्टीचं भोक चिकट गाळानं बुजलेलं, त्यामुळे पुढच्या कप्प्यातलं पाणी मागे सरकलंच नव्हतं.

पाणी जिभेला लावून पाहिलं. अजिबात खारट नाही. म्हणजे गळती नाही, हे सगळं एसीचं. तळाला मजबुती देणाऱ्या लाकडी पट्ट्या फायबरखाली आहेत, त्यांच्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, आणि एका ठिकाणी हातभर जागेत भद्द, म्हणजे आत लाकूड कुजलं असावं. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये.

एसी एक टनाचा, समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा, बंकखाली बसवलेला. ज्यानं बसवला त्यानं, हवेतली वाफ गार होऊन पाणी जमतं त्या ट्रेची नळी सरळ बिल्जमध्ये सोडली. म्हणाला, खाली पंप आहे, तो काढेल. पण दोन इंच पाणी साचल्याशिवाय पंप सुरू करणारा तरंगता फ्लोट उचलत नाही, आणि पंप थांबला की नळीत उरलेलं पाणी परत खाली येतं. म्हणजे बिल्ज कोरडं कधी होतच नाही. मे महिन्यात मांडव्याला नळीखाली लिटरची बाटली धरली होती, पन्नास मिनिटांत भरली. इथे मळ्यातल्या कोरड्या हवेत तासाभरात पाव बाटलीसुद्धा भरली नाही.

एसी काढून टाका, असं कृपया सुचवू नका. वडिलांना दमा आहे, दुपारी केबिन थंड असेल तरच ते बरोबर येऊ शकतात, आणि त्यांना समुद्रावर न्यायचं म्हणूनच ही बोट घेतली.

ट्रेची पातळी बाहेरच्या पाण्याच्या रेषेच्या खाली आहे, त्यामुळे बाजूला भोक पाडून उतारानं पाणी काढता येत नाही. मग बागेत ड्रिपमधून खत सोडायला वापरतो ती वेंचुरी (मध्ये अरुंद गळा असलेली नळी) डोक्यात आली. एसीचं थंड करणारं पाणी बाहेर जातं त्या लाइनवर ती बसवली, म्हणजे वाहतं पाणीच ट्रेमधलं पाणी ओढून नेईल. ड्रममध्ये पंपाचं टोक सोडून करून पाहिलं. वेंचुरीशिवाय १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरत होती, वेंचुरी लावल्यावर तीन मिनिटं लागली. वीस मिनिटांत एसी हाय प्रेशरवर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. ट्रेमधलं पाणी जागचं हललं नाही.

बोटीसाठीची वेगळी वेंचुरी शोधू, की ट्रेखाली वेगळा डबा आणि त्याचा स्वतःचा पंप बसवू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. बोट पुन्हा पाण्यात जायच्या आत काम उरकायचं आहे.

प्रतिसाद:

दादा, ड्रिपच्या वेंचुरीला शेतातल्या मोटरचा दाब लागतो. एसीचा पंप पाणी भरपूर देतो, दाब मात्र फारच कमी. अरुंद गळ्यानं त्याचा प्रवाह तोडला, म्हणून एसी तापला. बोटीसाठीची वेंचुरी मिळते, पण तीही पाण्याच्या रेषेच्या वर बसवावी लागते. खाली बसवली तर पंप बंद असताना समुद्र उलटा ट्रेमध्ये आणि तिथून बोटीत येऊ शकतो.

तुमच्या बाबतीत मी डबाच बसवेन. बोटीत शॉवरचं पाणी उपसायला फ्लोट आणि पंप असलेला झाकणाचा डबा मिळतो, तोच घ्या. ट्रेपासून डब्यापर्यंत नळीला सलग उतार द्या, मध्ये कुठेही पोट पडू देऊ नका. पंपाची नळी आधी उंच चढवून वळसा द्या, मग रेषेच्या वरच्या भोकातून बाहेर काढा. ब्लोअर ट्रेमधून हवा ओढत असेल तर नळीत मुद्दाम केलेला तेवढा एक यू आकाराचा ट्रॅप हवाच, नाहीतर पाणी ट्रेमध्येच अडून राहतं.

आणि एक गोष्ट आजच करा. सध्याच्या नळीचं उघडं टोक इंजिनच्या बाजूच्या बिल्जमध्ये असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच नळीतून एसीत ओढला जाऊन केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला वास नसतो. काका आत झोपतात ना? ती नळी तिथून हलवा आणि केबिनमध्ये डिटेक्टर लावा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आत्ता शेडमध्ये जाऊन पाहिलं, टोक इंजिनच्या कप्प्यातच आहे. नळी काढून बाजूला ठेवली. सातपूरला डब्याची चौकशी उद्या करतो. भद्द वाजते ती जागा आधी उघडून वाळवावी, की डबा बसवून मग? पावसाळ्यात इथे फायबर नीट सुकेल का, याचीच आता काळजी आहे.