रग्बी लीग : डावी कड दर सामन्यात फुटते, बचाव कसा बसवायचा? मदत हवी आहे

तेरानंबर
मंडळी, शनिवारी पुन्हा त्याच संघाशी गाठ आहे, म्हणून घाईत लिहितोय. मागच्या वेळी ३८-१० ने हरलो. सात ट्राय खाल्ले (म्हणजे सात वेळा त्यांनी आमच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला), त्यातले पाच आमच्या डाव्या कडेला. टॅकल आम्ही वाईट करत नाही, समोर आलेला माणूस पडतोच. पण चेंडू कडेला गेला की त्यांचा एक जण मोकळा सापडतो. सेंटर (कडेकडून दुसरा) म्हणतो विंगर (अगदी कडेचा) वर आला नाही, विंगर म्हणतो सेंटर आत घुसला. आता सरळ सांगा, रांगेने पुढे धावून जायचं की बाहेर सरकत राहायचं? सराव दोनच उरलेत. फिटनेसवर भाषण नको, सगळे फिट आहेत.

वाटसरू_२
पाच वर्षं खेळलोय म्हणून सांगतो, बचाव कडेला नाही, जमिनीवरच्या चेंडूपाशी जिंकतात. टॅकल झाला रे झाला की पहिल्या माणसाने पायांवर उभं राहून चेंडूवर हात टाकायचा. चेंडूच मिळाला तर पुढचा प्रश्न मिटला. आणि लाइनआउटला तुमचा सगळ्यात उंच माणूस मध्ये ठेवा.

गोलरेषा
वाटसरू, धागा लीगचा आहे, तुम्ही सांगताय ते रग्बी युनियनचं, म्हणजे पंधरा जणांच्या दुसऱ्या रग्बीचं. लीगमध्ये लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकणं) नाही, आणि टॅकल पूर्ण झाल्यावर चेंडूवर झडप घालता येत नाही. पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो (हाच प्ले-द-बॉल) आणि पुढचा टॅकल सुरू. सहा टॅकल होईपर्यंत चेंडू त्यांचाच, मग आपला. टॅकल चालू असताना हिसकावायचा तर तिथे आपला एकटाच माणूस हवा. दोघांनी धरलेलं असताना ओढला की पेनल्टी.

धागाकर्ते, माहिती फार कमी दिलीत. ते पाच ट्राय कितव्या टॅकलवर झाले? पासिंगवर की किकवर? त्यांच्या हाफच्या (डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या) पुढून कोणी चेंडूशिवाय धावतो का? तुमचा फुलबॅक (सगळ्यात मागचा खेळाडू) कुठे असतो? मार्कर, म्हणजे प्ले-द-बॉलच्या अगदी समोर उभे राहणारे, कोण असतात?

तेरानंबर
चार पासिंगवर, एक किकवर. टॅकल मोजले नाहीत, बहुतेक तिसरा-चौथा. हो, एक फॉरवर्ड आमच्या सेंटरच्या अंगावर धावत येतो, चेंडू त्याच्या पाठीमागून त्यांच्या फुलबॅककडे जातो आणि तिथून कडेला. पण हे सगळेच संघ करतात ना? मला फक्त पद्धत हवी आहे. पुढे की बाहेर?

छत्री
पुढे! मागून जाणारा पास लांबचा असतो, हवेत वेळ घेतो. तुमचा विंगर आणि सेंटर रांगेच्या एक पाऊल पुढे येऊन आत वळले, छत्रीच्या कडा खाली वळतात तसे, तर तो पास टाकणाऱ्याला बाहेरचा माणूस दिसतच नाही. चेंडू आत परत येतो आणि तिथे तुमचे धिप्पाड फॉरवर्ड उभे असतात. आम्ही पूर्ण मोसम असं खेळलो, कडेवर फारसे ट्राय बसले नाहीत.

सुमेधा_क
दोन सरावांत छत्री बसत नाही हो. चौघांपैकी एक जण अर्धा सेकंद मागे राहिला तरी दार सताड उघडं. शिवाय धागाकर्त्यांचा सेंटर आत्ताच आत घुसतोय, खोट्या धावणाऱ्याला धरतोय. त्याला आणखी आत यायला सांगायचं?

सरकता बचाव करा. प्रत्येकाने आपल्या समोरच्याच्या आतल्या खांद्यासमोर उभं राहायचं, म्हणजे त्याला मोकळी वाट फक्त बाहेरची, आणि बाहेर मैदानाची कड आहे. ती कड तुमचा चौदावा खेळाडू. आतल्याने हाक दिली की एकेक माणूस बाहेर सोपवत जायचं.

छत्री
सरकत राहिलात की प्रत्येक सेटला (सहा टॅकलच्या पाळीला) त्यांना ५०-६० मीटर फुकट. मग पाचव्या टॅकलची किक तुमच्या गोलरेषेवर. सरकता बचाव म्हणजे उशिरा खाल्लेला ट्राय.

सुमेधा_क
सरकायचं म्हणजे जागेवर उभं राहायचं नाही. पहिली तीन-चार पावलं सगळ्यांनी एकत्र, जोरात पुढे. पास सुटला की मग कंबर बाहेर वळवायची. पुढे जायचं आहेच, फक्त एकट्याने नाही.

जुना_प्रॉप
थोडं अवांतर. हा खेळ १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या बैठकीत युनियनपासून फुटला. १९०६ ला पंधराचे तेरा खेळाडू झाले, आणि तेव्हापासून मैदानात जागा जास्त, माणसं कमी, ही बचावाची मूळ अडचण आहे. पूर्वी टॅकलची मर्यादाच नव्हती. सिडनीचा सेंट जॉर्ज संघ १९५६ ते १९६६ सलग अकरा वेळा विजेता ठरला तो त्याच काळात. १९६७ ला ऑस्ट्रेलियात चार टॅकलची मर्यादा आली, नंतर सहाची. म्हणजे तुम्हाला दर वेळी सहाच टॅकल टिकायचं आहे, हे मुलांच्या मनावर ठसवा. जॅक गिब्सन हे प्रशिक्षक खेळाडूनिहाय टॅकलची मोजणी ठेवायचे. त्यांच्या हाताखाली ईस्टर्न सबर्ब्स १९७४, ७५ ला आणि पॅरामॅटा १९८१ ते ८३ सलग तीनदा जिंकले. तुम्ही तर ट्राय कितव्या टॅकलवर बसला तेही लिहून ठेवलेलं नाही. शनिवारी एकाला वही घेऊन बाहेर बसवाच.

गोलरेषा
वहीबद्दल +१. पण धागाकर्ते, माझे दोन प्रश्न राहिलेत. फुलबॅक आणि मार्कर?

तेरानंबर
फुलबॅक खूप मागे, २५-३० मीटर. त्यांची किक लांब जाते म्हणून. मार्कर आम्ही एकच ठेवतो. लिहिलं नाही, कारण पहिल्यापासून तसंच खेळतो. दुसरा माणूस रांगेत असेल तर तेवढाच एक जास्त. त्याचा कडेशी काय संबंध?

गोलरेषा
सगळा संबंध तिथेच आहे. जरा शांतपणे वाचा.

मैदान ६८ मीटर रुंद. तेरामधून दोन मार्कर आणि फुलबॅक काढला की रांगेत दहा, म्हणजे माणशी ६.८ मीटर. एकच मार्कर ठेवला तर अकरा, माणशी साधारण ६.२. रांग कधी इतकी समान पसरत नाही हे मान्य, पण तुम्ही कमावताय ते माणशी साठेक सेंटिमीटर. आता गमावताय काय ते बघा. एकटा मार्कर डमी हाफवर (मागे सारलेला चेंडू उचलणाऱ्यावर) नजर ठेवून अडकून बसतो. त्यामुळे प्ले-द-बॉलच्या शेजारचा तुमचा पहिला बचावपटू हलू शकत नाही, कारण डमी हाफ त्याच्या कुशीतून निसटेल ही भीती. तो हलत नाही म्हणून दुसरा आत चिकटतो, दुसरा आत म्हणून तिसरा आत. सगळी रांग प्ले-द-बॉलकडे गोळा होते आणि सेंटरपुढे दोन माणसं उरतात. तो आत घुसला काय नि बाहेर राहिला काय, एक जण मोकळा सुटणारच. त्याच्यावर चिडू नका.

दोन मार्कर असले की एक डमी हाफ सांभाळतो आणि दुसरा चेंडूमागे आतल्या बाजूने पळत सुटतो. तो पळाला की पहिला, दुसरा, तिसरा निर्धास्त बाहेर सरकतात. कड मधल्यांनीच वाचवायची असते.

छत्री
हे पटलं. पण मार्कर दोन झाले तरी वेग लागतोच, सोडू नका.

गोलरेषा
वेगासाठी वेळ हवा, आणि वेळ टॅकलमध्ये मिळतो. चेंडू जिथे खेळला जातो तिथून दहा मीटर मागे जायचं असतं. त्यांचा माणूस पटकन उठला तर तुमची रांग अजून उलटी चालत असते आणि चेंडू निघालेला असतो. म्हणून पहिल्याने छातीपाशी, चेंडूसकट मिठी मारायची. दुसऱ्याने मांड्या आवळायच्या. पाठीवर पाडा, पोटावर नाही. पाठीवरून उठायला जास्त वेळ लागतो. शेवटी सुटणारा समोर उभा राहून मार्कर होतो. फार वेळ धरलं तर शिक्षा आहे, आणि २०२० पासून एनआरएलमध्ये (ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीग स्पर्धेत) अशा चुकीला बहुतेकदा पेनल्टीऐवजी सहा टॅकल नव्याने मोजतात. तुमच्या स्पर्धेत कोणता नियम आहे तो रेफरींना आधीच विचारा.

वाटसरू_२
लीगचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, माफ करा. ऑलिंपिकमध्ये रग्बी आहे ते कोणतं?

जुना_प्रॉप
युनियनचं, सात-सात खेळाडूंचं. २०१६ पासून.

निळा_पक्षी
मी मुलींच्या संघाला शिकवते. छातीपाशी मिठी मारा असं वर लिहिलंय, तिथे एक गोष्ट निसटायला नको. डोकं कुठे ठेवायचं? टॅकल करणाऱ्याचं डोकं धावणाऱ्याच्या बाजूला किंवा मागे हवं, त्याच्या पुढ्यात कधीच नाही. आणि हात वापरूनच धरायचं, हात न लावता खांद्याची धडक बंद. कोणाला डोक्याला मार लागला असेल तर त्याला त्या दिवशी परत मैदानात घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. धागाकर्त्यांनी हे विचारलेलं नाही, पण घाईत तयारी करणाऱ्या संघांत दुखापती इथेच होतात.

तेरानंबर
काल सराव झाला. दोन मार्कर ठेवून तोच डाव आमच्याच राखीव मुलांकडून आठ वेळा खेळवून घेतला. पहिल्या तीन वेळा ट्राय बसला, मार्करच विसरत होते. नंतरच्या पाचांत एकच. सेंटरची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, गेल्या सामन्यानंतर त्याला फार बोललो होतो.

निळा_पक्षी, डोक्याची गोष्ट मुलांना दाखवली, दोघांचं चुकत होतं.

आता दोनच शंका. फुलबॅक पुढे आणला तर लांब किकचं काय? आणि गोलरेषेजवळ हेच चालेल का? तिथे मागे जायला जागाच नसते.

सुमेधा_क
फुलबॅक टॅकल मोजून हलतो. पहिल्या चार टॅकलना रांगेच्या मागे दहा-पंधरा मीटर, म्हणजे माणसं मोजून हाका मारता येतात, "डावीकडे एक कमी" वगैरे. पाचव्याच्या आधी मागे जायचं आणि विंगरांनीही थोडं मागे सरकायचं. किक मारणाऱ्यावर मार्करने धावून जायचं म्हणजे किक मनासारखी बसत नाही. किक थेट तुमच्या इनगोलमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) आली आणि फुलबॅकने टप्पा पडण्याआधी झेलली तर २० मीटरवरून चेंडू तुमचा. पण तिथे चेंडू घेऊन पकडला गेला तर गोलरेषेवरून ड्रॉप-आउट (चेंडू टप्पा पाडून किक मारायची) आणि बहुतेक वेळा त्यांचे पुन्हा सहा टॅकल.

गोलरेषेवर मात्र सरकू नका. तिथे छत्री म्हणतात तेच, सगळ्यांनी एकत्र पुढे.

छत्री
धन्यवाद :) तिथे आतून कोणी निसटू द्यायचा नाही, बाहेरचा पास पडू दे. आणि रेषा ओलांडलीच तर हार मानू नका. माणसाच्या खाली अंग घाला, चेंडू आणि जमीन यांच्यात हात, छाती, काहीही. चेंडू टेकला नाही तर ट्राय नाही.

गोलरेषा
तेरानंबर, हाका फक्त फुलबॅकवर सोडू नका. दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या माणसाला आवाज द्यायला सांगा, आणि उद्याच्या सरावात शेवटची वीस मिनिटं सगळे दमल्यावर हाच डाव परत खेळवा. मागच्या वेळचे ट्राय सामन्याच्या कोणत्या हाफमध्ये बसले होते?

तेरानंबर
पाचापैकी चार दुसऱ्या हाफमध्ये. दमल्यावरच खेळवतो. वहीला माणूस ठरला आहे, रविवारी आकडे इथेच टाकतो.