टायबेरियसचे नाणे : अधिकृत की अनुकृती?

प्रश्न (सोलापूर) : आजोबांच्या पितळी डब्यात एक रोमन नाणे सापडले. एका बाजूस सम्राट टायबेरियसचे मुख, तर दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री आहे; परंतु कडेची अक्षरे निव्वळ उभ्या-आडव्या रेघांसारखी दिसतात. हे रोमन टांकसाळीतलेच असेल का?

उत्तर १ : माझ्या मते ही अनुकृती असावी. अधिकृत दिनारावर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यावर, त्या स्त्रीच्या दोन्ही बाजूंस ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ (प्रमुख पुरोहित) हा लेख सुवाच्य असतो. भारतात घडवलेल्या अनुकृतींत, लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराने अक्षरांचा केवळ आकार उतरवल्यामुळे, अशाच अर्थहीन रेघा उमटतात. वजनही पाहावे. नंतरचा सम्राट नीरो याने इ.स. ६४ मध्ये वजन घटवले, त्यापूर्वीचा न झिजलेला दिनार साधारण पावणेचार ग्रॅम भरतो.

उत्तर २ : तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ थर दिलेली नाणी त्या काळीही होती. कड भिंगाखाली पाहा. थर उचकटला असेल तेथे तांबूस किंवा हिरवट डाग दिसेल. मात्र कृपया चिंचेने वा राखेने घासू नका, कारण त्याने पुरावाच नाहीसा होतो.

उत्तर ३ : सोलापूरहून जवळच असलेल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, रोमन नाण्यांच्या मातीत घडवलेल्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्या अलंकार म्हणून वापरल्या जात असाव्यात, म्हणून अनुकृती म्हणजे फसवणूकच असे समजू नये. तेथील लामतुरे संग्रहालय अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. भिंगातून कडेला तिळाएवढा हिरवा ठिपका दिसला. उद्या सराफाकडे वजन करून येथे कळवतो.