जळगावात रेल्वेवरच्या पुलाचा उतार पाडताहेत: रात्री काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

मंगळवार

रात्री ११:४७ | अ-३०४ ताई
ब्रेकर परत सुरू झाला. कोणी जागं आहे का?

११:४८ | अ-२०२ दादा
सगळेच जागे आहेत ताई. खिडकीच्या काचा थरथरताहेत.

११:५१ | अ-१०१ भाऊ
काल एक वाजेपर्यंत चालू होता. आजी सकाळी म्हणाली, "डोयाले डोया नही लागना रे बाबा." तिचं वय ८४. दुपारी झोपायचं म्हटलं तर तेव्हाही ठोके चालूच.

११:५५ | अ-३०४ ताई
मुलीची सीईटी बारा दिवसांवर आली. कानात कापूस घालून बसलीय. आत्ता पुस्तक मिटून रडायला लागली म्हणून मेसेज टाकला.

१२:०३ | क-४०१ भाऊ
आमच्याकडे मागच्या बाजूला फारसं ऐकू येत नाही. खरंच एवढं आहे का?

१२:०४ | अ-२०२ दादा
(व्हॉइस मेसेज, २१ सेकंद)

१२:०६ | क-४०१ भाऊ
बाप रे. कल्पनाच नव्हती. पंखा लावून झोपलो होतो.

१२:०९ | अ-२०१ भाऊ
हा मेसेज डिलीट केला आहे

१२:३१ | सचिव
खाली जाऊन आलो. सुपरवायझर म्हणतो, "वरून सांगितलंय, रात्रीच करायचं." लेखी काही दाखवलं नाही. कोणी वरून ओरडू नका, शिव्या तर अजिबात नकोत. मशीनवरची पोरंही रात्रभर त्याच धुळीत उभी आहेत. सकाळी बोलू.

बुधवार

सकाळी ७:१० | अ-२०३ काकू
आवाजाचं सगळे बोलले, मी धुळीचं बोलते. ज्वारी तीन दिवस भिजत घातली होती. पहाटे चारला उठून घाट शिजवला आणि आम्ही चौघींनी गच्चीवर साड्या अंथरून बिबडे (ज्वारीचे पापड) घातले. आठ दिवसांवर आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, लेकी येतील, त्यांच्याबरोबर डबे द्यायचे असतात. आता वर जाऊन पाहिलं तर बिबड्यांवर सिमेंटचा पांढरा थर. ओले होते, त्यामुळे धूळ आतच बसली. झटकून जाणार नाही. सगळे टाकून द्यावे लागतील. एवढ्या धान्याचं आणि चार बायांच्या कष्टाचं मला फार वाईट वाटतंय.

आणि कूलरचं काय करायचं ते सांगा. ४३ डिग्रीत खिडकी लावली तर कूलर नुसता दमटपणा करतो, उघडी ठेवली तर तीच धूळ ओढून घरात फेकतो. कालच नवीन जाळ्या बसवल्या होत्या. आज टाकीतलं पाणी राखेसारखं झालंय. नातवाला तीन दिवसांपासून खोकला आहे.

७:२२ | ब-२०४ वहिनी
काकू, आमची ज्वारी अजून भिजतेय. परवा ब विंगच्या मागच्या अंगणात एकत्र घालू. तिकडे धूळ कमी येते. तुम्ही फक्त मिठा-मिरचीचं प्रमाण सांगायला या.

७:३५ | ब-१०३ ताई
सोमवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका नेहमीच्या रस्त्याने आली, तर पुढे बॅरिकेड. आधीच्या चौकात फलक नाही, वळायला जागा नाही. ड्रायव्हर मागे मागे घेत निघाला आणि बोगद्याकडून वळसा घालून आला. मी गेटवर उभी राहून नुसता सायरन ऐकत होते, जवळ यायचा आणि परत लांब जायचा. सासरे आता बरे आहेत, सिव्हिलमधून उद्या घरी सोडतील. पण रस्ता बंद आहे हे चौकातच कळलं असतं तर तो वेळ वाचला असता. ग्रुपवर टाकू की नको, दोन दिवस विचार करत होते.

७:३७ | अ-३०४ ताई
बरं केलंस टाकलंस. काही लागलं तर रात्री-अपरात्री हाक मार.

८:०५ | दुकान ३ भाऊ
सगळ्यांचं पटतं. पण माझंही ऐका. रस्ता बंद झाल्यापासून गल्ल्यात निम्मेसुद्धा पैसे येत नाहीत. गिऱ्हाईक वळसा घालून कशाला येईल? तुम्ही रात्रीचं काम बंद पाडलं तर हेच काम दुप्पट दिवस चालेल. शिवाजीनगरचा जुना पूल २०१९ मध्ये पाडला, त्यानंतर त्या लोकांनी किती वर्षं वळसे घातले ते आठवा. तिकडच्या माझ्या मेव्हण्याने धंदाच बदलला. माझं म्हणणं एकच, काय करायचं ते करा पण लवकर संपवा.

८:११ | अ-२०२ दादा
भाऊ, तुमच्या दुकानावर रात्री कोणी झोपत नाही.

८:१२ | दुकान ३ भाऊ
आणि तुमच्या घराचा हप्ता माझ्या गल्ल्यातून जात नाही.

८:१४ | सचिव
दोघंही थांबा. नाना लिहिताहेत, त्यांचं पूर्ण वाचा.

८:४० | ब-२०१ नाना
माझी नोकरी बांधकाम खात्यात गेली आणि त्यातली बरीचशी पुलांवर. दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतोय, म्हणून भांडण होतंय.

पहिली गोष्ट म्हणजे रुळांवरचा गाळा, म्हणजे पुलाचा रुळांवरून जाणारा भाग. तो रात्रीच निघेल, त्याला इलाज नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. तो बंद करून, गाड्या थांबवूनच गर्डरला क्रेन लावता येते. त्याला ब्लॉक म्हणतात. आपल्या स्टेशनवरून मुंबई–भुसावळची लाईन जाते, सुरतेची लाईनही इथेच येऊन मिळते. भर दिवसा एवढा वेळ कोण देईल? मुंबईत कर्नाक पूल काढला तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, रेल्वेला २७ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला होता. तेव्हा ब्लॉकच्या रात्री आपण सोसायच्या. मी स्वतः अशा कामांवर उभा राहिलोय. त्या रात्री काम थांबवा म्हणणं चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूचा उतार. तो रुळांपासून लांब आहे. दोन बाजूंना भिंती, मध्ये मुरमाचा भराव, वर डांबर. त्याचा रेल्वेशी काडीचा संबंध नाही. काल रात्री मी गच्चीवर जाऊन पाहिलं, फोडत होते ती उताराची भिंत होती. ती सकाळी सातला फोडली तरी तशीच फुटते.

आता दुकानवाल्या भाऊंचं. त्यांचं म्हणणं खरं आहे, काम लांबता कामा नये. पण साइटवर ब्रेकर एकच आहे. तोच दिवसा आणि तोच रात्री चालवतात. दिवसा दोन लावा, रात्रीचा बंद करा, दिवस तेवढेच लागतील. त्यांना दुसऱ्या मशीनचं भाडं पडेल, एवढाच फरक. शिवाय भिंत ठोकूनच फोडायला पाहिजे असं नाही. पोकलेनला जबड्यासारखं यंत्र बसतं, ते काँक्रीट चावून तोडतं. त्याचा आवाज आणि हादरा दोन्ही कमी. मोठे स्लॅब हिऱ्याच्या तारेने कापून उचलता येतात. हे महाग पडतं हे मला माहीत आहे, तरी मागायला हरकत नाही.

आणखी एक, अ विंगवाल्यांनी आजच आपापल्या भिंतींचे, चौकटींच्या कोपऱ्यांचे आणि छताचे फोटो काढा. तारीख दिसली पाहिजे. नंतर तडा गेला तर जुना की नवा हे कशावरून ठरवणार?

८:५२ | दुकान ३ भाऊ
नाना, दोन ब्रेकर दिवसा लावणार असतील तर माझी पहिली सही.

८:५३ | अ-२०२ दादा
भाऊ, सकाळचं बोलणं मनावर घेऊ नका. तीन रात्री झोप नाही.

८:५५ | दुकान ३ भाऊ
नाही हो. संध्याकाळी चहाला या.

९:२० | ब-३०२ वकील ताई
नानांच्या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. नियम ५-अ नुसार रहिवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री चालवायचीच नाहीत. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर लेखी तक्रार करता येते. मोबाईलवरच्या ॲपचे आकडे पुरावा म्हणून टिकणार नाहीत, पण तारीख-वेळेची वही ठेवा. ती उपयोगी पडते.

९:२४ | अ-१०१ भाऊ
आणि रस्ता असा न सांगता बंद करता येतो का?

९:३१ | ब-३०२ वकील ताई
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. वाहतूक बंद करायला आदेश लागतो. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण लोकांना कळेल अशी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. एका बॅरिकेडवर दोरी बांधली म्हणजे प्रसिद्धी झाली नाही. धुळीसाठी पाणी मारणं आणि राडारोड्याचे डंपर झाकून नेणं हे जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत आहे. आपलं जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतलं शहर आहे, पत्रात तेही लिहू.

९:३३ | अ-२०३ काकू
लिहा. आणि पाणी दिवसातून एकदा नाही, सकाळ-दुपार दोनदा. या उन्हात अर्ध्या तासात वाळतं.

११:१५ | सचिव
पत्राचा मसुदा टाकतोय, वाचून सांगा:

"पूल पाडण्याला आमचा विरोध नाही. रुळांवरच्या गाळ्याचं काम ब्लॉकमध्ये रात्री होणार हे आम्हाला मान्य आहे. त्या रात्री कोणत्या, हे आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत कळवावं, म्हणजे आजारी माणसांची आणि परीक्षेच्या मुलांची सोय करता येईल. उताराच्या भागावर रात्री १० ते सकाळी ६ ब्रेकर चालवू नये. काम लांबू नये म्हणून दिवसा दुसरं यंत्र लावावं. दोन्ही टोकांच्या चौकांत अंधारातही दिसतील असे फलक लावावेत आणि रुग्णवाहिका जाईल एवढी एक बाजू कायम मोकळी ठेवावी. दिवसातून दोन वेळा पाणी मारावं, डंपर झाकून न्यावेत."

११:१९ | ब-१०३ ताई
बॅरिकेडजवळ रात्री एक माणूस उभा ठेवावा, हे पण घाला. फलक वाऱ्याने पडतात.

११:२० | सचिव
घातलं. उद्या चार वाजता जातोय. नाना, वकील ताई आणि दुकानवाले भाऊ बरोबर आहेत. दुकानदार सोबत असला की "रहिवासी उगाच कटकट करतात" असं म्हणता येत नाही.

गुरुवार

सायंकाळी ६:४८ | सचिव
आधी दीड तास बसवून ठेवलं. पण नंतर साइटचे इंजिनिअर नीट बोलले. नानांनी कागदावर उताराचं चित्र काढून दाखवलं, कुठली भिंत रुळांपासून किती लांब ते. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उतारावरचा ब्रेकर आजपासून रात्री १० ला बंद. दुसरं मशीन सोमवारी येतंय. जबड्याच्या यंत्राला नाही म्हणाले. चौकातले फलक उद्या लागतील. हे सगळं पत्राच्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी घेतलं आहे.

६:५२ | अ-२०३ काकू
पाण्याचं?

६:५३ | सचिव
टँकर एकच आहे म्हणाले. एकदा नक्की, दोनदा जमेल तसं. मी रोज फोन करणार.

६:५५ | अ-२०३ काकू
टँकर दिसला नाही तर मी स्वतः खाली जाऊन उभी राहीन.

रात्री १०:०२ | अ-२०२ दादा
अजून चालू आहे.

१०:०९ | अ-२०२ दादा
थांबला.

१०:१० | अ-१०१ भाऊ
आजी विचारतेय, "बंद व्हयनं का?" हो म्हटलं. लगेच कुशीवर वळली.

शुक्रवार

सायंकाळी ५:३० | सचिव
निरोप आला. शनिवारी रात्री रेल्वेचा ब्लॉक आहे, १२ ते ४. गर्डर उचलणार. आवाज होणारच, मोठे दिवेही लागतील. चौकात दोन फलक लागले आहेत, मी पाहून आलो. एक झाडाआड गेलाय, तो हलवायला सांगितलंय.

५:४१ | अ-३०४ ताई
शनिवारी मुलीला कुठे पाठवू कळत नाही. रविवारी सकाळी तिची शेवटची सराव परीक्षा आहे.

५:४४ | ब-२०१ नाना
आमची मागची खोली मोकळी आहे. संध्याकाळीच पुस्तकं घेऊन येऊ दे. जेवण आमच्याकडेच.

५:४५ | क-४०१ भाऊ
अ-१०१ च्या आजींना आमच्याकडे आणा. तळमजल्यापर्यंत व्हीलचेअर येते, पुढे लिफ्ट आहे. बायको म्हणतेय, आखाजीची गाणी त्यांच्याकडून लिहून घ्यायची राहिली आहेत.

५:४७ | अ-३०४ ताई
नाना, ती विचारतेय खोलीत कूलर आहे का.

५:४८ | ब-२०१ नाना
आहे. उद्या दुपारी जाळ्या धुऊन, पाणी भरून ठेवतो.